दाजींचा निरोप

तोंडवली, ता. १२ जानेवारी १९५८

चि. गुरुदास यास,

आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. त्यावरचा पांढरा डोंगर म्हणजे बर्फ, हे दाजींना समजावताना माझी अर्धी सकाळ गेली. ते म्हणाले, मीठ असेल. मी म्हटलं, मीठच समजा, पण पोरगा पोचला हे खरं. मग कार्ड देवाच्या फळीवर ठेवलं. शाळेतल्या पोरांना दाखवीन म्हणते, पण दाजी हात लावू देत नाहीत.

दीड दिवसासाठी माणसाने यावं कशाला, असं मी तुझ्या तोंडावर म्हणाले, ते थोरल्या बहिणीचं बोलणं तुला लागलं असेल तर लागू दे. बोटीतून मालवणला उतरलास, सर्जेकोटला खाडी ओलांडणारी तर धरून वाळूतून चालत आलास, पेज जेवलास आणि आडवा झालास. दिवेलागणीला उठलास आणि मला विचारलंस, "बाय, मी खंय आसंय?" मी हसले. तू हसला नाहीस. मग सांगितलंस की हॉटेलांतून रोज असंच होतं, डोळे उघडले की खिडकी कुठल्या बाजूला आहे ते आठवेपर्यंत गाव कुठलं ते कळत नाही. स्वतःच्या घरात, दाजींच्या घोंगडीवर तुला ते विचारावं लागलं, हे माझ्या मनातून जात नाही.

तू वाटलेल्या हॉटेलातल्या साबणाच्या वड्या वाडीत गाजतायत. शेजारच्या शेवंतीने तिची वडी ट्रंकेत लुगड्यांत ठेवली आहे, अंगाला लावायची नाही म्हणते. आणि तुझ्या नोकरीचा अर्थ लावायचं काम अजून चालू आहे. मुंबईच्या विमान कंपनीसाठी इंजिनांचे सुटे भाग आणायला तू देशोदेशी फिरतोस, हे मी फळ्यावर लिहून सांगावं तसं सांगितलं. त्यावर दाजींचा जुना सोबती गंगाराम म्हणतो, "सुटे भाग घेत फिरता तां खरा, पण आख्खा इमान कदी जोडतलो?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "जोडतलो दुसरो. ह्यो आणून दिता." बाप आहेत, तुझ्यावर हसलेलं त्यांना खपत नाही.

पण एक गोष्ट त्यांनी मला लिहायला सांगितली आहे. तुला ठाऊक आहे, ते गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके, होते तेव्हा आठ महिने समुद्रावर असत, कोचीन, कराची, एकदा पार एडनपर्यंत. पण पावसाळा लागला की गलबत शाकारून ठेवायचं आणि माणूस चार महिने घरात. तुझ्या विमानाला पावसाळा नाही, ही त्यांची तक्रार आहे. म्हणतात, "तेका म्हणावा, आठ दिस येवन रव. माका काय बोलूचा नाय. नुसतो घरात दिसाक होयो." आठ दिवस काही फार नाहीत. साहेबाला विचार.

आचऱ्याच्या स्थळाकडून माणूस येऊन गेला. मुलीच्या बापाने एकच विचारलं, मुलगा घरी असतो केव्हा? मला खोटं बोलता आलं नाही. ते कळवतो म्हणाले आहेत, म्हणजे काय ते तू समज.

कानात तेल घालत जा. उंचावर कान दुखतात म्हणाला होतास.

तुझी,
बाय


तोंडवली, ता. ५ एप्रिल १९५९

चि. गुरुदास यास,

आशीर्वाद. बैरूतहून पाठवलेलं पत्र मिळालं. तू शिमग्याला का आला नाहीस त्याचं कारण त्यात वाचलं. कराचीला विमान अडून पडलं, त्याचा भाग घेऊन तुला जावं लागलं. ठीक आहे. माणसं अडकली होती, त्यांचीही घरं होतीच.

मात्र इथे काय झालं तेही ऐक. तू येतोस म्हणून दाजी पहाटेच मालवण बंदरावर जाऊन बसले. बोट लांब उभी राहिली, होड्या माणसं आणू लागल्या. प्रत्येक होडी लागली की हे उठून पुढे जात. शेवटची होडी रिकामी झाली तेव्हा त्यांनी होडीवाल्याला विचारलं, बोटीवर कोण झोपून राहिला नाही ना? तो म्हणाला, नाही. तरी हे बोट सुटेपर्यंत तिथेच होते. घरी येऊन मला म्हणाले, "काम पडला असतला." तुझ्यावर रागावलेही नाहीत. मीच रागावले, आणि राग काढायला तू नव्हतास म्हणून शेवंतीशी भांडले.

तुझ्या पत्रातला कराचीचा मजकूर मी दाजींना तीनदा वाचून दाखवला. तू नेलेला तुकडा बसवला, इंजिन गुरगुरलं, विमान उडालं, आणि तू खाली धावपट्टीच्या कडेला टोपी हातात घेऊन उभा राहिलास. लिहिलं आहेस की तसला आनंद दुसऱ्या कशात नाही. दाजींना ते नेमकं कळलं. म्हणाले, गलबत दुरुस्त होऊन पाण्यात लोटलं की तसंच वाटतं. बढती मिळाली त्याचे पेढे मी शाळेत वाटले. साहेब झालास म्हणून आता मला "तुम्ही" म्हणावं लागतं का?

पुढचं पान मात्र मी दाजींना वाचून दाखवलं नाही. एवढं मोठं जेवणघर, मेजांवर पांढऱ्या चादरी, खिडकीतून समुद्र, आणि तू एकटा बसून काटा-चमच्याने जेवतोस, आणि दिवसभरात "धन्यवाद" या शब्दाखेरीज कोणाशी बोलणं झालं नाही. मेल्या, मग घरी ये. इथे तुझ्याशी बोलायला सगळी वाडी आहे, ऐकून कान किटतील. तू लिहिलंस की कधी कधी कोणी ऐकत नाही असं पाहून तू मालवणीत स्वतःशीच बोलतोस. ते वाचून मला रडू आलं. तुझ्या लहानपणी आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते, तेव्हा तुला भरवायचं काम होतं.

आचऱ्याहून नकार आला. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तुझी,
बाय


तोंडवली, ता. २ ऑक्टोबर १९६०

चि. गुरुदास यास,

आशीर्वाद. दाजींच्या छातीचं तू विचारतोस. खोकला हटत नाही. मालवणचे डॉक्टर म्हणाले, पाणी धरलं आहे, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवा. मी शाळेतून रजा काढून घेऊन येते म्हटलं तर दाजी ऐकत नाहीत. "मुंबयत मी काय करू? तो घराक नसतलो. मी तेच्या खोलयेची राखण करतलंय काय?" आता यावर मी काय बोलू? त्यांचं खोटं आहे का?

तू लिहितोस, दाजींना बोटीत बसवून दे, पुढचं सगळं मी बघतो. खाट घेऊन ठेवली आहेस, डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहेस, दाजींनी नुसतं हो म्हणायचं, तू धक्क्यावर उभा असशील. हे मी त्यांना पत्र आलं की दर वेळी वाचून दाखवते. ते ऐकून घेतात आणि खोकतात. परवा मात्र हसून म्हणाले, "माका नेवक इलो तर जायन." म्हणजे तू स्वतः न्यायला आलास तर येतील. त्यांना मुंबई नको आहे रे, त्यांना तू हवा आहेस.

तू म्हणतोस तोक्योहून आलो की येतो. त्याआधी नैरोबीहून आलो की येतो म्हणाला होतास. मी नकाशात दोन्ही गावं पाहिली. एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि तोंडवली मध्येच कुठेतरी, नकाशात नसलेली. तू आमच्या डोक्यावरून दोनदा गेलास की काय कोण जाणे.

मी रागाने लिहीत नाही. थोडं रागानेच लिहिते. तुझी झोप, तुझं पोट, सगळं बिघडलं आहे हे मला ठाऊक आहे, आणि इतक्या पोरांतून कंपनीने तुला उचललं याचा अभिमानही आहे. पण बोट आहे तोवर ये. बोट नसली तर बेळगावला उतरून आंबोली घाटाने बस धर. कसाही ये, पण दाजींसाठी एकदा ये.

तुझी,
बाय


तोंडवली, ता. ५ नोव्हेंबर १९६०

चि. गुरुदास यास,

आशीर्वाद. आज पत्र मोठं लिहीत नाही.

दाजींनी सकाळी न्हावी बोलावून दाढी करून घेतली. धुतलेलं धोतर नेसले. बाहेर पडवीत बसून वाडीतल्या सगळ्यांना बोलावून घेतलं, गंगारामाशी जुन्या गजाली केल्या, एकेकाचा निरोप घेतला. शेवंतीच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "गुरुदासाक लिही, मी येतंय म्हणान."

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. याहून अधिक माझ्याने लिहवत नाही. तू शहाणा आहेस.

तुझी,
बाय


तोंडवली, ता. ८ डिसेंबर १९६०

श्री. गुरुदास यांस,

आपण परत गेल्यावर पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. परंतु आपण जाताना शेवंतीकडे "बायने लिहावं" असा निरोप ठेवलात, म्हणून लिहिते. हे शेवटचं.

आपले वडील ता. ११ नोव्हेंबरला वारले. अग्नी चुलत्यांच्या बाबूने दिला. तार दुसऱ्याच दिवशी आपल्या खोलीवर पोचली, असं आपणच सांगितलंत, आणि आपण त्याच पहाटेच्या विमानाने जिनिव्हाला गेला होतात. आपण आलात ते तेरावा होऊन गेल्यावर. पाहुण्यांसारखे ओसरीवर बसलात.

वाडीतल्या लोकांनी विचारलं, त्या दिवसांत कुठे होता? मला वाटलं होतं, आपण एखाद्या लांबच्या शहराचं नाव घ्याल. मी मनातून देवाला तेच मागत होते. आपण म्हणालात, "मुंबयतच होतंय." एवढंच. मान खाली. गंगाराम उठून गेला, तेव्हाही आपण बोलला नाहीत. आज सगळ्या मालवणात झालं आहे की तांडेलाचा मुलगा मुंबईत बसून राहिला, बाप दाराकडे डोळे लावून गेला, आणि मुलगा नंतर विमानात बसला. मी लोकांना काय सांगू? त्यांच्याकडे डोळे नाहीत का?

रात्री स्वयंपाकघरात आपण मला विचारलंत, दाजी नेमकं काय म्हणाले होते? मी म्हटलं, लिहिलं होतं ना. आपण बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिलात आणि म्हणालात, "होय, लिहिलेलंस." पत्र मिळालं नाही म्हणाला असतात तरी मी विश्वास ठेवला असता. खोटं तरी बोलायचं होतं.

आपल्या नोकरीचा आम्हाला फार अभिमान होता. आता कृपा करून कार्डं पाठवू नयेत. देवाच्या फळीवर जागा नाही.

मेल्या, तेंचे डोळे उघडेच रवले. मी मिटले. तुजा नाव घेवन मिटले. तुका काय कळाचा नाय तां.

सुभद्रा


तोंडवली, ता. २० सप्टेंबर १९६१

चि. गुरुदास यास,

आशीर्वाद. हे अक्षर पाहून तुला काय वाटेल मला ठाऊक नाही. पत्र फाडू नकोस, आधी वाच.

चतुर्थीला धोंडू आला आहे. भाऊच्या धक्क्यावर हमालांचा मुकादम आहे तो, आपल्या खालच्या वाडीतला, दोन वर्षांनी गावी आला. गणपती पाहायला आपल्याकडे आला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "दाजी बोटीत बसूचे रवले तां रवलेच. बिचारो गुरुदास. तीन दिस माजो जीव काडल्यान."

मी म्हटलं, "कोण बोटीत बसूचे होते?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने सगळं सांगितलं. गेल्या कार्तिकात तू तीन दिवस ओळीने सकाळी टॅक्सी घेऊन धक्क्यावर आलास. कॅन्टीनवाल्याची लाकडी खुर्ची मागून घेतलीस, दाजींना फळीवरून चालता आलं नाही तर खुर्चीत बसवून उतरवायचं म्हणून दोन हमाल धरून ठेवलेस. हातात लोकरीची शाल. मालवणची माणसं उतरली की एकेकाला विचारायचास, आमचे दाजी दिसले का? साहेबाने नैरोबीला जा म्हटलं ते तू नाकारलंस, म्हणून साहेब बिघडला होता, हेही धोंडूला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी धोंडू तुला म्हणाला, म्हाताऱ्याचं मन फिरलं असेल, घरी जा. तेव्हा तू हसलास म्हणे. म्हणालास, "दाजी येतंय म्हणाले म्हंजे येतले. तेंचो शब्द कदी फिरूक नाय."

त्याच रात्री तुला जिनिव्हाला जायची सक्ती झाली. जाताना तू धोंडूला टॅक्सीचं भाडं आणि खोलीची किल्ली देऊन गेलास. चौथ्या दिवशीही तो खुर्ची घेऊन उभा होता.

धोंडू गेल्यावर मी आरतीला उठले नाही. चुलीपाशी बसून राहिले. तू मला स्वयंपाकघरात विचारलंस ते, तुझं ते बघणं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

गुरुदास, आपल्याकडे घरातून निघणारा माणूस "जातंय" म्हणत नाही. बाजारात निघाला तरी "येतंय", समुद्रावर निघाला तरी "येतंय". दाजी आयुष्यभर प्रत्येक खेपेला उंबऱ्यावर हेच म्हणून निघाले. त्या दिवशीही तेच म्हणाले. ते निघाले होते रे. वाडीत प्रत्येकाला ते कळलं, शेवंतीच्या पोराला कळलं. मला वाटलं, तुलाही कळेल. आणि मरणाचं नाव जिवंत माणसासाठी कागदावर लिहायचं नाही, म्हणून मी फोड करून लिहिलं नाही. त्यात दाजींनी बजावलं होतं, दुखण्याचं एक अक्षर लिहायचं नाही, "तो उंचार आसतलो, तेचो जीव खाली नको." त्याआधीच्या पत्रात छातीचं लिहिलं म्हणून माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

आणि तू तर महिनोन् महिने त्याच एका शब्दाची वाट बघत होतास. दाढी केली, धोतर नेसले, सगळ्यांचा निरोप घेतला, येतंय म्हणाले. मुंबईला निघालेला म्हातारा दुसरं काय करतो? मी आज तुझ्या जागी बसून ते पत्र वाचलं, आणि मलाही ते तसंच दिसलं. तू वर्षानुवर्षं विमानं येतात-जातात त्या जगात राहतोस, तिथे येतो म्हणजे येतो. तुझं काही चुकलं नाही. आणि मी त्यांच्या तोंडचं अक्षरही बदललं नाही, माझंही चुकलं म्हणणार नाही. पण काही चुकलं नसताना आपल्या घराचं असं झालं, याला मी काय म्हणू?

मला राग एकाच गोष्टीचा आहे. तू बोलला का नाहीस? ओसरीवर सगळे बसले होते, तुझ्या एका वाक्याने सुटका झाली असती. मी सांगते का नाही बोललास. बोलला असतास तर माझं पत्र मध्ये आलं असतं. बायने असं लिहिलं म्हणून बापाची भेट राहिली, असं गावाने म्हटलं असतं, आणि मी जन्मभर ते उरावर घेऊन शाळेत गेले असते. म्हणून तू वर्षभर गावाच्या शिव्या खाल्ल्यास, माझं ते "आपण, आपण" करून लिहिलेलं पत्रही गिळलंस. तुला मी वाढवला. तू मला वाचवणारा कोण? मी तुला भरवताना तू कधी माझ्या ताटाकडे पाहिलं नाहीस, आणि आताच कुठून शिकलास?

मला फार दुःख झालं आहे गुरुदास. दाजी गेले तेव्हा झालं त्याहून वेगळं. तू त्या खुर्चीपाशी उभा आहेस असं दिसतं आणि मला घास जात नाही.

कार्तिकात दाजींचं वर्षश्राद्ध आहे. ते तू करायचं. बाबूला मी सांगितलं आहे, तो आनंदाने बाजूला झाला. कोणाच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही, ते माझ्यावर सोड. साहेबाने नाही म्हटलं तर नोकरी गेली तरी चालेल, असं मी म्हणणार नाही. ती तुझी कमाई आहे. पण विचार.

तुझी,
बाय


तोंडवली, ता. ८ डिसेंबर १९६१

चि. गुरुदास यास,

आशीर्वाद. तू सुखरूप पोचला असशील असं धरून चालते. इथे इन्सुलीकडून लष्कराच्या गाड्या जातायत म्हणे, गोव्याचं काहीतरी होणार, बसचा नेम नाही. बरं झालं बोटीने गेलास.

तू गेल्यापासून घरात फार सुनं वाटतं. नऊ दिवस राहिलास. पहिले दोन दिवस झोपलास, पण एकदाही विचारलं नाहीस, मी कुठे आहे. तिसऱ्या दिवशी उठून पहाटे किनाऱ्यावर गेलास आणि रापणीचं जाळं ओढायला लागलास, तेव्हा गंगाराम लांबून पाहत होता. हात सोलवटून घेतलेस. साहेबाचे हात, तिथे काय उत्तर दिलंस कोण जाणे.

श्राद्धाच्या जेवणाला मी सगळ्यांसमोर उभी राहून बोलले, त्याचा तुला राग आला. "गप रव बाय" म्हणून माझं लुगडं ओढलंस. मी गप्प राहणार नव्हते. चार इयत्तांच्या पोरांना शिकवते, चाळीस पानांना ऐकू जाईल एवढा माझा आवाज आहे. माझा भाऊ धक्क्यावर खुर्ची घेऊन उभा होता, दाजी येतंय म्हणाले तो निरोप मी लिहिला आणि त्याने मुंबईचा धरला, हे मी सांगितलं. मग गंगाराम उठला, तुझ्या पानावर आपल्या हाताने भात वाढला. तिथे वाडीतला एकही माणूस मला दोष देऊन गेला नाही. म्हातारी तुळसा एवढंच म्हणाली, "त्या शब्दाक आता कोण काय करतला."

खरं आहे. पण त्या शब्दाचं एक राहिलं आहे, म्हणून हे पत्र.

परवा तू निघालास. बॅग उचललीस, देवाला नमस्कार केलास, माझ्या पाया पडलास आणि उंबऱ्यावर उभा राहिलास. तुझे ओठ हलले. "येतंय" म्हणायची वेळ होती, आणि तुला ते म्हणवेना. दुसरा शब्द तर या घरात कोणी उच्चारलेला नाही. तू नुसता उभा. तरवाला खालून हाका मारत होता. मीही तुझ्याकडे बघत उभी. निघणाऱ्याने येतंय म्हटलं की घरच्याने "ये" म्हणायचं असतं, ते माझंही तोंडातच राहिलं. तू काही न बोलता उतरलास आणि वाळूतून चालत गेलास. मी पडवीत येऊन पाहिलं. होडी खाडीपलीकडे लागेपर्यंत तू पाठमोरा होतास.

त्या क्षणापासून मला चैन नाही. तुझा धंदा निघण्याचा आहे. महिन्यातून चार वेळा तू कुठून तरी निघतोस. प्रत्येक वेळी तो शब्द तोंडाशी येऊन थांबणार असेल, तर तू कसा जगशील? आणि मला भीती वाटते, ती स्पष्ट लिहिते, की ज्याने येतंय म्हटलं नाही तो येणार नाही. मी शिकलेली आहे, शाळेत पोरांना भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगते. तरी भीती वाटते.

दाजींनी तो शब्द शेवटी वापरला, म्हणून तो त्यांच्याबरोबर गेला असं होत नाही. त्याआधी जन्मभर ते येतंय म्हणून गेले आणि कराचीहून, कोचीनहून, एडनहून प्रत्येक वेळी आले. आई पडवीत उभी राहून "येवा" म्हणायची, आणि ते यायचे.

हे पत्र तुला मुंबईत मिळेल की नैरोबीत, मला ठाऊक नाही. कुठेही मिळालं तरी असं कर. खोलीचं दार लाव, आजूबाजूला कोण ऐकतो ते पाहू नकोस, आणि तो शब्द एकदा मोठ्याने म्हण. मालवणीत म्हण. दारात माझं म्हणायचं राहिलं ते इथे लिहिते.

ये.

तुझी,
बाय